लिंबाजी सर आणि पिवळा राजा

लिंबाजी सरांच्या खिशात पेन्सिल मी कधी पाहिली नाही. शर्टाच्या खिशाला दोऱ्यानं बांधलेलं एक निळं बॉलपेन असायचं, आणि आमच्या माती तपासणीच्या लॅबमधला प्रत्येक आकडा त्याच पेनानं रजिस्टरात उतरायचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी पर्समधून पेन्सिल आणि खोडरबर काढून टेबलावर मांडलं. कॉलेजात तसंच शिकवलं होतं, आधी कच्चं, मग पक्कं. सरांनी खोडरबर उचललं, ड्रॉवरमध्ये ठेवलं, किल्ली फिरवली.

“रीडिंग आलं की आलं, मॅडम. खोडायला ते आपलं हाय का? मातीचं हाय.”

मला जन्मात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणालं ते लिंबाजी सर. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. हे मी कुणी न विचारता सांगते आणि पुढंही सांगणार. सर स्वतः बारावी. आधी कुठल्याशा कारखान्याच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला होते, धुता धुता शिकले. माझ्या डिग्रीचा त्यांना राग नव्हता, पण ती डोक्यात गेलीय असं वाटलं की मॅडमच्या आधी ‘बी.एस्सी.’ लावायचे. “बी.एस्सी. मॅडम, ते बुरेट उलटं धरलंय तुमी.”

सेलूत अडत बाजाराच्या मागच्या गल्लीत, खत-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर आमची दोन खोल्यांची लॅब. माणसं दोनच, सर आणि मी. खालचे दुकानदार तेच वरचे मालक. सकाळी शेतकरी कापडी पिशव्यांतून माती आणून द्यायचे. पिशवी उघडली की सर आधी चिमूटभर माती तळहातावर घ्यायचे, पाण्याचा थेंब टाकून तिची वळी करायचे, बोटावर घासायचे आणि पीएच सांगून टाकायचे. “सात पॉइंट आठ.” मग मी मीटर लावायचे. मीटर म्हणायचं सात पॉइंट नऊ. सर तोंड वाकडं करून म्हणायचे, “मीटर चुकायलंय.” आणि लिहायचे मात्र मीटरचंच.

मातीला ते कधी निकस म्हणाले नाहीत. सेंद्रिय कर्ब कमी निघाला की शेतकऱ्याला सांगायचे, “भुकेली हाय. शेणखत घाला.” क्षार वाढले की म्हणायचे, “लय पाणी पाजलंय तिला, पोट बिघडलंय.” म्हातारे शेतकरी हे ऐकून अशी मान हलवायचे, जशी घरातल्याच कुणाची तब्येत विचारून चाललेत.

एकदा मालक वर आले. स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे, आकडे लय चांगले यायलेत, असं झालं तर खाली खत कोण घेणार, असं काहीसं हसत हसत बोलले. सर उठून त्यांच्यापुढं उभे राहिले आणि खिशातलं पेन दोरीसकट पुढं केलं. म्हणाले, “घ्या मालक. लिवा तुमच्या हातानं.” दोरी होती वीतभर. लिहायचं तर मालकांना सरांच्या छातीला कपाळ टेकवावं लागलं असतं. मालक हसले, खाली गेले, पुन्हा तो विषय निघाला नाही. त्या दिवशी मी घरी आईला सांगितलं, मी ज्यांच्या हाताखाली काम करते ते असे आहेत.

आता गेमचं सांगते.

मातीतलं स्फुरद काढायचं म्हणजे बाटल्यांत माती आणि द्रावण घालून त्या हलवणाऱ्या यंत्रावर अर्धा तास ठेवायच्या. त्या यंत्राला आम्ही शेकर म्हणतो. शेकर चालू असताना खोली सोडायची नाही हा सरांचा नियम, कारण एखादं बूच उडालं तर नमुना गेला. शेकरशेजारी जुना कॉम्प्युटर, आणि मालकांनी तो सेकंडहँड आणला तेव्हापासूनच त्यात एक गेम होता. राज्यं उभारायचा. सुरुवातीला तुमच्याकडं एक गाव, दोन भालेवाले आणि सगळा अंधारा नकाशा. तुम्ही तुमचा डाव खेळायचा, बटण दाबायचं, मग कॉम्प्युटरचे चार-पाच राजे आपापला डाव खेळतात आणि काळ पुढं सरकतो. मग परत तुमचा डाव. घाई कशाचीच नाही. एका शेकरमध्ये दहा-बारा डाव व्हायचे.

सकाळची बॅच सरांची, दुपारची माझी, त्यामुळं राज्य एक आणि चालवणारे दोन असं ठरलं. सर जेवायला उठताना रीतसर चार्ज द्यायचे. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर निळ्या पेनानं लिहिलेलं असायचं, ‘मानवतला भिंत बांधायला घेतली. पाथरीत धान्य कमी. पिवळ्याशी करार झाला, पाळणे.’ आमच्या सगळ्या शहरांची नावं अशीच होती, जिंतूर, मानवत, पाथरी, राजधानी सेलू. संध्याकाळी मी चार्ज परत लिहून ठेवायचे.

पिवळा म्हणजे शेजारचा राजा. पिवळा झगा, टोकदार दाढी, पडद्यावर आला की हसायचा आणि इंग्रजीत फार गोड बोलायचा. मी सरांना अर्थ सांगायचे. आमच्या हद्दीला खेटून त्यानं एक गाव वसवलं तेव्हा सर म्हणाले, “बांध कोरायलाय बघा.” पण चिडले नाहीत. करार केला, तांबं दिलं, घोडे घेतले, आणि पुढचे साठ डाव त्या करारातलं अक्षरही मोडलं नाही. पिवळ्याचं एक शहर ओस पडलं होतं, एक शिपाई नव्हता त्यात. मी म्हणाले, घेऊन टाकू. सर म्हणाले, “शब्द दिलाय.” मी हसले. ते नाही हसले.

एकसष्टाव्या डावाला पिवळ्यानं पाथरी घेतली. काही कारण नाही, भांडण नाही. आदल्याच डावात त्यानं आपल्याला मित्र म्हणलेलं. सर खुर्चीवरून उठले, मोरीत जाऊन तोंड धुऊन आले, रुमालानं पुसत पुसत बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

“लय गोड बोलत होता,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर सर त्या गेमची माती तपासल्यासारखी तपासणी करायला लागले. पिवळ्याच्या गावांत धान्य किती पिकतं, त्यावर किती घोडेस्वार जगू शकतात, याचा त्यांनी हिशोब मांडला. तीन गावांच्या जोरावर त्याची वीस घोडेस्वारांची फौज फिरत होती. “एवढा दाणा आणला कुठून त्यानं?” सर मला विचारायचे, जशी काही मी त्याची भाची. मी मदतीच्या पानावरचं इंग्रजी वाचून सांगितलं की आपण अवघड पातळी निवडलीय, अवघड पातळीवर कॉम्प्युटरला बऱ्याच गोष्टी फुकट मिळतात, आणि आपण पुढं गेलो की सगळे राजे आपल्यावर उलटतात, मग आपण कसंही वागलेलो असू. “कसंबी वागलं तरी?” सरांनी परत विचारलं. मी म्हणाले, तसंच लिहिलंय.

वैताग आणायला बाकी खूप होतं. आधीच्या एका राज्यात आमचा रणगाडा एका भालेवाल्यानं फोडला, तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता. लांबच्या शहरातलं उत्पन्न राजधानीपर्यंत येता येता निम्मं गळायचं. आणि तीस-चाळीस शहरं झाली की दर डावाला प्रत्येक शहर विचारायचं, आता काय बांधू, आता काय बांधू. सर म्हणायचे, “राजा म्हणून बसवलं आन तलाठी करून टाकलं की हो.” तरी शेकर सुरू झाला की खुर्ची ओढायचेच.

माझं एकच शहर होतं, मी वसवलेलं आणि मी नाव दिलेलं. खडकवाडी. माझं गाव. साठेक उंबऱ्यांची वाडी, एसटी फाट्यावर सोडते, पुढं चालत जायचं. कोणत्याच नकाशावर आमची वाडी मी पाहिलेली नाही. शाळेत जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर होता, त्यावर मी बोट फिरवून फिरवून शोधलेलं. त्या पडद्यावर नदीच्या काठाला पांढऱ्या अक्षरांत खडकवाडी लिहिलेलं आलं, तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढून वडिलांना दाखवला. त्यांनी विचारलं, “हे सरकारी हाय का?” मी म्हणाले, नाही, पण आहे.

मग एके दिवशी दुपारी चार्ज घेतला तेव्हा पानावर लिहिलेलं होतं, ‘पिवळ्याशी नवा करार, तीस डावांचा. खडकवाडीचे शिपाई मानवतला हलवणे.’ मी हलवले. बटण दाबलं. पिवळ्याचे घोडेस्वार नदी उतरून आले आणि खडकवाडी घेतली, जाळली. नाव गेलं. तिथं नुसतं गवत दिसायला लागलं.

सर जेवून येऊन फिल्टर पेपर कापत होते. मी म्हणाले, “सर, आत्ताचा डाव मागं घेता येईल का? कुठं जपून ठेवलेला असेल तर?”

“ठेवला असला तरी आपण जायचं न्हाई मागं,” सर म्हणाले. “झालेला डाव झाला. रीडिंग आलं की आलं.”

हे वाचून कुणाला हसू येईल. मला दोन दिवस करमलं नाही. पण मी ते मानलं. माणूस आपल्याच बोलण्याला किती पक्का आहे, याचा उलट अभिमान वाटला. तेव्हापासून माझं एखादं टायट्रेशन हुकलं, बुरेटमधून थेंब जास्त पडून रंग पुढं गेला, तरी मी तो आकडा ‘हुकला’ असं लिहून तसाच ठेवायला लागले. खडकवाडी सोडू शकले, तर हे काय होतं.

महिन्याभरानं सरांनी पिवळ्याची राजधानी घेतली. पाच घोडेस्वार, समोर तटबंदी, आत नऊ शिपाई, आणि आपला एकही माणूस न पडता एकाच डावात शहर ताब्यात. मी जेवून वर आले तर सर उभे होते, शर्टाची बाही गुंडाळलेली. तो डाव मग त्यांनी सगळ्यांना सांगितला. माती घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना सांगितला, चहावाल्याला सांगितला, मालकांनाही. “पाच गेले, पाच परत आले,” असं बोटं उघडून दाखवायचे. आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, “मॅडमच्या खडकवाडीचं उट्टं काढलं.” मी घरी जाऊन हेच सांगितलं. वडिलांना काही कळलं नाही, पण गावाचा बदला घेतला म्हणल्यावर त्यांना बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर भरला. रिपोर्ट निघेना. सर आठवडाभर लग्नाला गेले होते, म्हणून मी जुन्या फाइली काढायला बसले. ‘जुने रिपोर्ट’ नावाचं एक फोल्डर होतं. उघडलं तर त्यात रिपोर्ट नव्हते, गेमचे जपून ठेवलेले डाव होते. एकाच दुपारचे, दोन-दोन मिनिटांच्या अंतराचे. पिवळा १, पिवळा २, पिवळा ३, असे नऊपर्यंत. प्रत्येक जिंकलेल्या हल्ल्यानंतर एक. हरला हल्ला की मागं जायचं, जिंकला की जपून ठेवायचं.

आधी मी मानलं नाही. लॅबमध्ये शंका आली की आपण काय करतो, तोच नमुना परत परत लावतो. मी ‘पिवळा १’ उघडला आणि पुढचा हल्ला दहा वेळा करून पाहिला. आठ वेळा आमचा घोडेस्वार मेला.

त्याच फोल्डरच्या तळाला एक फाइल होती, ‘खडक’. तारीख खडकवाडी पडली त्या दिवसाची. वेळ, सर जेवायला उठले त्याच्या पाच मिनिटं आधीची. उघडली तर माझं गाव नदीकाठी होतं, शिपाई जागेवर होते. मी त्यांना विचारत होते तेव्हाही ती फाइल तिथंच होती. ते फिल्टर पेपर कापत होते आणि त्यांना ते माहीत होतं.

फोल्डर मी तसंच बंद केलं. पण मनात आलं ते गेमच्याही पुढचं होतं. हा माणूस असं करतो, तर रजिस्टरात काय केलं असेल? उरलेली माती आम्ही वर्षभर नंबर टाकून कपाटात ठेवतो. मी सरांच्या हातचे वीस नमुने काढले आणि आठवडाभर माझ्या बॅचमध्ये तीन-तीन, चार-चार करून लावले. एक जरी आकडा लांबचा निघाला असता, तर कुणाच्या शेतात काय पडलं आणि काय नाही, सगळंच उकरावं लागलं असतं. आणि मी काय शिकले होते, तेही.

वीसच्या वीस बरोबर निघाले. कुठं एखाद्या दशांशाचा फरक, तेवढा चालतो.

सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही, घटकाभर. मग राग आला, आणि तो अजून आहे. मातीशी खरं, शेतकऱ्याशी खरं, मालकाशी खरं. खोटं तेवढं माझ्याशी.

सर परतले त्या सोमवारी शेकर चालू केला आणि मी म्हणाले, “सर, जुने रिपोर्ट उघडले मी.”

ते बाटल्यांकडं बघत राहिले. एक बूच ढिलं होतं, ते दाबलं.

“पिवळ्याला फुकट फौज मिळती,” ते म्हणाले. “त्याच्याशी कसलं इमान? तुमीच वाचून दाखवलं, कसंबी वागलं तरी उलटतोय म्हणून.”

“पिवळ्याचं सोडा. खडकवाडी होती तुमच्याकडं.”

“होती.”

“मग?”

“तुमाला मागं जाऊ दिलं असतं, तर उद्या रीडिंगबी मागं घेतलं असतं तुमी. नवीन होता.” मग म्हणाले, “माझे नमुने तपासले असतील तुमी.”

“तपासले.”

“मंग?”

“बरोबर निघाले.”

“मंग झालं.”

“झालं नाही, सर.”

शेकर थांबेपर्यंत अर्धा तास आम्ही दोघं तिथंच होतो, कारण खोली सोडायची नाही हा नियम होता. कॉम्प्युटर बंद होता. त्यानंतर कुणी राज्य चालवलं नाही आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावर कुणी चार्ज लिहिला नाही. बाकी कामात काही बदल झाला नाही. ते मॅडमच म्हणायचे, मी सरच म्हणायचे. फक्त राजधानी जिंकल्याची गोष्ट त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही. चहावाल्यानं एकदा आठवण काढली, तर म्हणाले, “ते जाऊ दे रे.”

वर्षभरानं गुडघ्यामुळं त्यांना जिना चढवेना. नोकरी सोडून ते कालव्याखालच्या आपल्या शेतावर राहायला गेले. जाताना किल्ल्या दिल्या, तराजूच्या वजनांची डबी दिली, ड्रॉवर उघडून माझं खोडरबर परत दिलं. ते वाळून कडक झालं होतं. कसलंच भाषण झालं नाही.

मागच्या आठवड्यात ते आले. जिन्यात थांबत थांबत वर आले, धाप लागलेली. त्याच्या चार दिवस आधी कुणाबरोबर तरी त्यांनी मातीची पिशवी पाठवली होती, नाव लिहिलेलं, त्यांच्याच शेताची. रिपोर्ट न्यायला मात्र स्वतः आले. खुर्चीवर बसले, आधी शेकरकडं पाहिलं, मग कॉम्प्युटरकडं. तो आता नवीन आहे.

“पिवळा गेला म्हणा,” ते म्हणाले.

“गेला.”

मी रिपोर्ट दिला आणि त्यांची रिकामी पिशवी परत केली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. पीएच आठ पॉइंट नऊ. चोपण, म्हणजे खारानं बिघडलेली जमीन. कालव्याचं पाणी बसून बसून तिची ही गत झालेली. असा कागद हाती आलेल्या शेतकऱ्याला काय सांगायचं ते याच खोलीत मी त्यांच्याकडून शिकले. आता तो कागद त्यांच्या हातात होता आणि त्यांना सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी अंगठा आकड्यावर ठेवला, उचलला, परत ठेवला.

“मॅडम,” ते हळू म्हणाले, “एकदा परत लावून बघता का?”

मी रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं. आकडा निळ्या शाईत होता. ते त्याच्याकडं बघत राहिले, मग हसले, आणि स्वतःच म्हणाले, “र्‍हाऊ द्या. आलं की आलं.” रिपोर्ट मिळाल्याची सही त्यांनी स्वतःच्याच पेनानं केली. दोरी अजून तशीच होती, त्यामुळं खाली वाकावं लागलं.

मी खिडकीतून पाहत होते. खाली दुकानासमोर त्यांनी रिकामी कापडी पिशवी उलटी करून झटकली, शिवणीत अडकलेली माती नखानं काढली, चिमटीत घेतली, पाणी नव्हतं म्हणून थुंकी लावून बोटावर घासली. बराच वेळ घासत राहिले.

त्यांचा तो नमुना मी तीनदा लावला होता. पहिला आकडा आला तेव्हा मीटर पुसलं, द्रावण नवीन केलं, परत लावला. मग आणखी एकदा. तिन्ही वेळा आठ पॉइंट नऊ. रजिस्टरात मी एकदाच लिहिला, आणि हे त्यांना सांगितलं नाही.